निवडणूक नव्हे, सोडत
प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सच्या लोकशाहीवरचा तुमचा लेख वाचताना, तिथले नागरिक ‘आपले प्रतिनिधी निवडून देत’ या वाक्यापाशीच अडखळलो. तिथल्या ५०० जणांच्या मंडळावर माणसं मतदानाने नाही, चिठ्ठी टाकून जात. दहा गटांतून प्रत्येकी ५०, तेही एका वर्षासाठी आणि आयुष्यात फार तर दोनदा. मतदान व्हायचं ते सेनापतींसारख्या मोजक्या पदांसाठी. लढाई नशिबावर सोडायला तेही तयार नव्हते! अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखी तर चिठ्ठी ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक मूठभरांच्या राज्याची.

आपल्याकडे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, लहान पोराला बोलावून चिठ्ठी काढतात. पण त्यातून फक्त प्रवर्ग ठरतो. अथेन्समध्ये थेट माणूसच निघायचा. अर्थात बायका, गुलाम आणि परके रहिवासी त्या सोडतीत कधीच नसायचे, हे लेखात स्पष्ट लिहिलंय ते बरं केलंत.