जरा आणखी गरीब दिसा

तुम्हाला सिनेमा काढायचाय. मुंबईतल्या वस्तीत वाढणाऱ्या, वाया चाललेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरावर. छान. तुम्ही वर्सोव्याला राहता, वस्ती तुम्ही मेट्रोच्या काचेतून बघितली आहे आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई तिथूनच येतात. एवढा अभ्यास पुष्कळ झाला. मी विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगरावर दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो, त्यामुळे या विषयात माझं मत विचारायची पद्धत नाही. पण आमच्या घरात एकदा शूटिंग झालंय. त्या जोरावर चार गोष्टी सांगतो.

आधी पोराचं नाव. दोन अक्षरी ठेवा. पाठलागात मागून ओरडायला बरं पडतं. आमच्या वर्गात तीन प्रथमेश, दोन ओंकार आणि एक सिद्धेश होता. प्रथमेश नावाच्या मुलानं चाकू काढला तर थिएटरात कुणी घाबरणार नाही. आता याची आई आतून "प्रथम्या, दळण कोण आणणार?" म्हणून ओरडेल, असंच वाटत राहतं. आडनाव तर देऊच नका. आडनाव दिलं की जात येते, जात आली की मग कथेला कारणं द्यावी लागतात. बिनआडनावाचा गरीब सगळ्यांनाच सोयीचा.

मग जागा. गोष्ट कुठलीही असो, ती धारावीत नेऊन ठेवा. 2019 साली ‘गली बॉय’ आला. ज्या दोन रॅपरांच्या आयुष्यावरून तो सुचला त्यातला एक कुर्ल्याचा, दुसरा अंधेरीच्या जे. बी. नगरचा. सिनेमातला पोरगा मात्र धारावीचा. बरोबरच आहे. कुर्ला म्हटलं की लोकांना गाडी बदलणं आठवतं. 2011च्या जनगणनेत मुंबईतली साधारण 41 टक्के माणसं झोपडपट्टीत राहत होती, म्हणजे पाचातली दोन. ती सगळी जेमतेम दोन चौरस किलोमीटरच्या धारावीत कशी मावत असतील हा प्रश्न प्रेक्षकाला पडत नाही, तुम्हीही पाडून घेऊ नका. देवनारचं डम्पिंग 1927पासून आहे, त्याच्या कडेला गोवंडी-मानखुर्दमध्ये पिढ्या वाढल्या. पण ते लांब पडतं, शिवाय वास येतो. वास कॅमेऱ्यात येत नाही, युनिटला येतो.

ड्रोन वर गेलाच पाहिजे. खाली निळ्या ताडपत्र्या, वरून विमान, आणि पत्र्यावर बसलेला पोरगा त्या विमानाकडे बघतोय. विमान खरं तर विमानतळाला लागून असलेल्या जरीमरी वस्तीच्या डोक्यावरून जातं, पण तेवढं चालतं. मग तो उठतो आणि धावत सुटतो तो गाण्याचं कडवं संपायच्या आत मरीन ड्राइव्हला पोचतो. आमच्यातली पोरं तेवढं अंतर जायला दादरला गाडी बदलतात आणि टीसी दिसला की पुढच्या डब्यात जातात.

आता घर. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

आमच्याकडे युनिट आलं तेव्हा मी बारावीला होतो. दोन दिवसांचे तीन हजार देणार होते. आईनं आदल्या रात्री घर घासून काढलं. मांडणीवरचं एकेक भांडं चिंच लावून नाही, पण पावडर लावून लख्ख केलं. डबे उतरत्या भाजणीनं लावले. पितळेचा हंडा, जो पाणी भरायला कधीच वापरत नाही, तो पोटमाळ्यावरून काढून मधोमध ठेवला. भिंतींना दिवाळीतच पिस्ता रंगाचा ऑइलपेंट दिला होता. सकाळी आर्टवाला पोरगा आला, दारातच थबकला आणि म्हणाला, "आंटीजी, ये तो बहोत चमक रहा है."

आईला वाटलं कौतुक करतोय. "मग! रात्री एक वाजला घासायला," ती म्हणाली.

तासाभरात मांडणी शेजारच्या सावंतकाकूंकडे गेली. फ्रिजवर गोणपाट आलं. टीव्ही, माझं सायन्सचं जर्नल आणि बहिणीची शिष्यवृत्ती परीक्षेची ट्रॉफी पलंगाखाली गेली. मग त्यानं चहाचं पाणी आणि काजळी एकत्र करून स्प्रेनं भिंतीवर मारलं. त्याला म्हणे ‘एजिंग’ म्हणतात. गॅसच्या ओट्यासमोर एक चूल आणून ठेवली. चूल! आईनं ती शेवटची गावाला बघितली होती, लग्नाआधी. आईला त्यांनी गर्दीत बसवायचं ठरवलं होतं, ती ठेवणीतली साडी नेसून आली. तिला बघून दिग्दर्शक आर्टवाल्याच्या कानात काहीतरी बोलला आणि तो परत आला. "आंटीजी, थोडा और गरीब दिखना चाहिए."

तेव्हा हे लक्षात ठेवा. वस्तीतली बाई घर चकचकीत ठेवते, कारण तिच्या हातात तेवढंच असतं. तुमच्या कथेत ते बसत नाही. आधी पुसून घ्या, मग रडवा.

हिरोची आई खोकणारी हवी. खोकल्याचं निदान कधी होत नाही, कारण पालिकेच्या दवाखान्यात क्षयाची औषधं फुकट मिळतात आणि ती मिळाली तर बाई वाचेल. मध्यंतराच्या आधी ती गेलीच पाहिजे, नाहीतर पोरगा बिघडणार कशावरून? बाप दारुडा. बापाला पार्श्वभूमी हवी असेल तर गिरणी संप आहेच. 18 जानेवारी 1982 ही तारीख आणि अडीच लाख कामगार हा आकडा पडद्यावर टाकला की अभ्यासू वाटतं. पुढे एकच वाक्य: गिरण्या बंद पडल्या आणि पोरं गुंड झाली. हातात तलवार आणि पाठीमागे चिमणी. चिमणी फार महत्त्वाची. त्या अडीच लाखांच्या पोरांतली बहुतेक कुरिअर वाटत फिरली, वडापावची गाडी लावून बसली, बँकेत शिपाई लागली, फिनिक्स मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलच्या दारात युनिफॉर्म घालून लोकांच्या बॅगा तपासायला लागली. त्यांच्यावर सिनेमा काढला तर त्यात कुणी कुणाला भोसकत नाही. बघणार कोण?

पाठलाग ठेवा. अरुंद गल्लीतून पोरगा धावतोय, मागे पोलिस. आमची गल्ली तीन फुटांची आहे. त्यात दोन्ही बाजूंना उंबऱ्यावर भांडी घासणाऱ्या बायका, दोरीवर ओल्या चादरी आणि मधून वाहणारं गटार. पळणारा पहिल्या वळणावरच कुणाच्या तरी टोपात पाय घालतो आणि "मेल्या, डोळे फुटले काय?" ऐकून थांबून सॉरी म्हणतो. पोलिसही थांबतो, कारण त्याला धाप लागलेली असते. तुमच्याकडे मात्र गल्ली रिकामी हवी. बायकांना त्या दिवशी सुट्टी द्या.

पकडल्यावर लॉकअप, हलणारा बल्ब, पट्टा. हे अगदी सोडू नका, कारण खरी गोष्ट फार निरस आहे. 2015च्या बाल न्याय कायद्यानं अठराच्या आतल्या पोराला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, त्याचं नाव-फोटो छापता येत नाही आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. कागदावर त्याला आरोपी म्हणत नाहीत, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. हा शब्द हिरोनं गाण्यात बसवून दाखवावा. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यातली एक तरी बाई. आमच्या खालच्या आळीतला एक पोरगा मोबाईल चोरीत सापडला होता. त्याला डोंगरीच्या निरीक्षणगृहात ठेवलं. परत आल्यावर आम्ही विचारलं, काय झालं तिथे? म्हणाला, "एक बाई होती. शाळा का सोडली विचारत होती. चार वेळा विचारलं." त्याला मार बसला असता तर त्यानं रंगवून सांगितला असता. हा प्रश्न मात्र त्याला रंगवता आला नाही. कायदा नेहमी असा पाळला जातो असं माझं म्हणणं नाही, पोलिसांच्या हातचं खाल्लेली पोरंही मला माहीत आहेत. पण तुमच्या पडद्यावर ती बाई कधीच का येत नाही, एवढंच मनात येतं. असो. ती आली तर क्लायमॅक्सचा विचका होईल.

नशा दाखवायची तर धूर आणि संथ गती. व्हाइटनर हुंगणारा पोरगा प्रत्यक्षात फक्त झोपाळलेला दिसतो. आमचा एक मित्र तसा झाला होता. तो यायचा, वडापावला वीस रुपये मागायचा, आणि दिलेले विसरून पुन्हा मागायचा. त्याला पार्श्वसंगीत नव्हतं.

मुलगी एक ठेवा, खिडकीत. तिचं काम हिरोकडे बघणं आणि शेवटी दुसऱ्याशी लग्न करणं. पालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीला संपतात, पुढची शाळा हायवेच्या पलीकडे असते आणि मग "एवढ्या लांब कशाला?" म्हणून तिचं नाव काढतात, ही काही गोष्ट नव्हे. रात्री अकरानंतर सार्वजनिक संडासला जायला तिला कुणाला तरी उठवावं लागतं, म्हणून ती संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाही, हीसुद्धा नव्हे. बिघडण्याचा मान मुलींना देऊ नका. तेवढा वेळ त्यांच्याकडे नसतो, हे तुमचंही निरीक्षण बरोबर आहे.

पोरं मात्र खरी घ्या, वस्तीतली. स्वस्त पडतात आणि ग्लिसरीन लागत नाही. ‘सलाम बॉम्बे’वाल्यांनी 1988 साली यात एक वाईट पायंडा पाडला. रस्त्यावरच्या मुलांना घेऊन सिनेमा केला तो केला, वर त्यातून अशा मुलांसाठी संस्थाही उभी केली, ती अजून चालू आहे. असल्या नादाला लागू नका. शिवाय उपयोग तरी किती? त्यातल्या मुख्य मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सिनेमा ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, आणि तो पोरगा पुढे बंगळुरात रिक्षा चालवत होता. फेब्रुवारी 2009मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’नं आठ ऑस्कर घेतली, वांद्र्याची पोरं लाल गालिच्यावर चालून आली. मे महिन्यात त्यातल्या एकाची झोपडी पालिकेनं तोडली. तारखा बघा. एवढा चांगला कट तुमच्या एडिटरलाही जमणार नाही.

आता एक गुपित सांगतो, पण हे सिनेमात घालू नका. आमच्यातला सगळ्यात ‘बिघडलेला’ म्हणून प्रसिद्ध पोरगा म्हणजे तीनातला मधला प्रथमेश. वर्गात झोपायचा. सरांनी डायरीत लिहिलं होतं, संगत वाईट. संगत पाण्याची होती. पाणी पहाटे साडेचारला यायचं, पाऊण तास. त्याची आई कामाला, बाप आजारी, म्हणून मोटर लावून तीन ड्रम हा भरायचा, वर दोन म्हाताऱ्यांचे हंडे. दहावीला 71 टक्के पडले. मग अकरावीच्या ॲडमिशनला जातीचा दाखला हवा होता. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांच्या शाळेचा. आजोबा दुसरीतून पळून मुंबईला आलेले. प्रथमेश दोनदा एसटीनं गावाला गेला. पहिल्यांदा शाळेचे गुरुजी ट्रेनिंगला गेलेले. दुसऱ्यांदा रजिस्टर सापडलं, त्यात आजोबांचं आडनाव एका वेलांटीनं वेगळं निघालं. मग प्रतिज्ञापत्र, मग सेतू, मग "सर्व्हर डाउन आहे, उद्या या." तोवर यादी लागून गेली होती. त्या संध्याकाळी तो पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. आम्ही चौघं खाली उभे. वर काय करत होता माहीत नाही. अर्ध्या तासानं उतरला, म्हणाला, "मोटर लावायचीय उद्या," आणि घरी गेला.

आता सांगा, टाकीवर चढवून पोराला तसाच खाली उतरवणारा निर्माता तुम्हाला मिळेल का?

तर त्याऐवजी तारणहार आणा. शहरातून आलेला, खादीचा कुर्ता घातलेला, इंग्रजी बोलणारा. तो पोराच्या डोळ्यांत बघतो आणि म्हणतो, तुझ्यात काहीतरी आहे. पोरगा रडतो. रॅप, फुटबॉल, नाच, काहीही चालेल, फक्त आयटीआयचा फिटरचा कोर्स नको. प्रथमेशनं शेवटी तोच केला. मध्ये एक वर्ष गेलं, पण केला. आता अंबरनाथला एका कारखान्यात आहे, शिफ्टमध्ये. हिरोसारखा दिसत नाही, टक्कल पडलंय.

आमच्या घरातला तो सिनेमा दोन वर्षांनी टीव्हीवर लागला. सावंतकाकूंसकट सगळे बसलो. आमची खोली मिनिटभर दिसली. गर्दीत आई कुठेच नव्हती, कापली होती. ती काही बोलली नाही. चुलीवर भाकरी थापणाऱ्या नटीकडे बघून एवढंच म्हणाली, "हिनं पीठ किती सैल भिजवलंय." मग ती नटी खोकायला लागली, खोकत खोकत मोरीपाशी गेली आणि तिथेच कोसळली. पोरगा धावत आला. व्हायोलिन वाजलं. पडदा काळा झाला.

आई ताडकन उठली. "आपल्या घरात मारली होय तिला? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही मेल्यांनी!"

जाहिराती संपायच्या आत तिनं देव्हाऱ्यातली गोमूत्राची बाटली काढली आणि मोरीच्या कोपऱ्यात शिंपडून आली.