हिरवी वायर नुसती गुंडाळलेली!

वायरिंगच्या कामाला गेलो की पुन्हा तेच! घरात फॉल्स सीलिंग, इटालियन मार्बल, सगळा थाट. आणि सॉकेट उघडलं की अर्थिंगची, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी हिरवी वायर कुठे न जोडता मागे नुसती गुंडाळून ठेवलेली. 2000 वॅटचा गीझर जवळपास 9 अँपिअर खेचतो, तो कन्व्हर्टर प्लग लावून खुशाल 6 अँपिअरच्या सॉकेटला! प्लास्टिक काळं पडून वितळलंय, तरी "चालतंय की." एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, सारखा पडतो म्हणून कुणीतरी 32 अँपिअरचा ठोकलाय, आतली वायर मात्र दीड स्क्वेअर एमएमचीच. अहो, ती वायर जळू नये म्हणूनच पडतो ना तो! आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, करंट गळला की लाईन तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच? "पावसाळ्यात सारखा ट्रिप व्हायचा, काढून टाकला." वर मलाच विचारतात, "दादा, नळाला हात लावला की झिणझिण्या का येतात हो?"