रात्री इमर्जन्सी रिकामी होती, म्हणून रात्रीचा स्टाफ नको?

कोविडच्या काळातला एक दावा अजूनही फॉरवर्ड होत असतो. त्याचा मथितार्थ असा: "लॉकडाऊनमध्ये इमर्जन्सी विभाग ओस पडले, रात्री तर चिटपाखरूही नव्हतं. म्हणजे एरवीची निम्मी गर्दी फुकटची. जे आले नाहीत ते घरीच बरे झाले. रात्री येणारे बहुतेक दारुडे नाहीतर घाबरट, तेव्हा रात्रीचा स्टाफ कमी करा." यातलं पहिलं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे, म्हणूनच पुढचं सगळं पचून जातं.

गर्दी घटली, यात वाद नाही. २९ मार्च ते २५ एप्रिल २०२० या चार आठवड्यांत अमेरिकेत इमर्जन्सीत येणारे आदल्या वर्षीपेक्षा ४२ टक्क्यांनी कमी झाले. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० मधली घट ५७ टक्के होती.

"गर्दी फुकटची होती." थोडीफार होतीच. किरकोळ ताप, जुनी पाठदुखी असे कितीतरी जण फोनवरच्या सल्ल्याने निभावले. पण अमेरिकेत कोविडमुळे आणीबाणी जाहीर झाल्यानंतरच्या दहा आठवड्यांत हार्ट अटॅकचे पेशंट २३ टक्क्यांनी आणि स्ट्रोकचे २० टक्क्यांनी घटले. मेंदूत अडकलेली गुठळी कुणी हौसेने घेऊन येत नाही. ही माणसं संसर्गाच्या धास्तीने घरी थांबली.

"घरीच बरे झाले." इटलीतल्या लोम्बार्डीत, साथीच्या पहिल्या चाळीस दिवसांत, हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना ५८ टक्क्यांनी वाढल्या. न्यूयॉर्क शहरात त्या वसंतात त्या तिपटीवर गेल्या. यातला मोठा भाग कोविडशी जोडलेला होता, हे मान्य. पण कोविडने असो वा अटॅकने, ही माणसं बरी होत नव्हती, दारापर्यंत पोचतच नव्हती.

आता रात्रीचं. मला सर्वात जास्त खटकतं ते हेच. दिवसाची आणि रात्रीची गर्दी एकाच कारणाने घटत नाही. दिवसा शाळा, मैदानं, कारखाने थांबले आणि ओपीडीतून पाठवले जाणारे पेशंटही थांबले. रात्री बार आणि वाहतूक बंद झाली. दक्षिण आफ्रिकेत लॉकडाऊनमध्ये बंद असलेली दारूविक्री १ जून २०२० ला सुरू झाली, ट्रॉमाचे (अपघात-मारामारीतल्या जखमांचे) पेशंट पुन्हा वाढले आणि १२ जुलैला बंदी परत आणावी लागली. म्हणजे रात्रीच्या गर्दीत दारूचा वाटा आहेच. म्हणून काय? डोकं दारूच्या नशेत फुटलं तरी आत रक्तस्राव आहे का, हे सीटी काढल्याशिवाय कळत नाही.

आणि "घाबरट" कोण? रात्री दोन वाजता मूल भुंकल्यासारखं खोकत उठतं. श्वास आत घेताना घशातून आवाज येतो, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. हा क्रूप, म्हणजे विषाणूमुळे लहान मुलांच्या स्वरयंत्राला येणारी सूज. तो रात्रीच बळावतो. स्टेरॉइडचा एक डोस आणि गरज पडली तर अ‍ॅड्रेनलिनचं नेब्युलायझेशन (औषधाची वाफ श्वासातून देणं), एवढ्याने बहुतेक मुलं सुधारतात, पण ते तेव्हाच मिळायला हवं. दम्याचंही तसंच, पहाटे छाती जास्त आवळते. अमेरिकेत त्या चार आठवड्यांत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या भेटी ७२ टक्क्यांनी घटल्या. काही पालक भीतीने आले नसतील, पण शाळा बंद आणि तोंडाला मास्क असल्याने नेहमीचे विषाणूही पसरायचे थांबले होते. बऱ्याच मुलांना त्या वर्षी असे आजार झालेच नाहीत. २०२१ च्या उन्हाळ्यात, हंगाम नसताना, आरएसव्ही हा लहान मुलांच्या श्वसनमार्गाला ग्रासणारा विषाणू अमेरिकेत परत फोफावला.

राहिला स्टाफचा मुद्दा. पेशंटची डोकी मोजून ड्यूटी लावता येत नाही. रात्री स्ट्रोकचा एक पेशंट आला की डॉक्टर, नर्स, सीटीचा टेक्निशियन असे सगळे त्याच्यामागे लागतात, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येतं. साथीत त्यात पीपीई चढवणं-उतरवणं आणि प्रत्येक संशयित पेशंटनंतर खोली निर्जंतुक करणं वाढलं. पेशंट कमी झाले, पण एकेकाला लागणारा वेळ वाढला. चारच पेशंट आहेत म्हणून एकच नर्स ठेवली, तर ती पीपीई घालून एका खोलीत असताना दुसऱ्या बेडवरचा मॉनिटर वाजला तर धावायला कुणीच नसतं.