हवा सोडण्यात येईल म्हणे

आज सकाळी आमच्या कॅम्पर व्हॅनच्या (आतच स्वयंपाक आणि मुक्काम करता येतो अशी गाडी) वायपरखाली कागद. छापील. "येथे वाहन लावू नये. अन्यथा हवा सोडण्यात येईल." खाली नाव नाही, फ्लॅट नंबर नाही. व्हॅन उंच आहे, सोसायटीच्या पार्किंगच्या आडव्या पाइपाखालून आत जात नाही, म्हणून बाहेर रस्त्यावर. कोणाचं गेट अडत नाही, आरटीओची कागदपत्रं चोख. तरी हवा सोडणार! आणि आपण पुणेरी पाट्यांचे फोटो फॉरवर्ड करून हसतो.

परवाच कोकणातून परतलोय. तवसाळच्या जेट्टीवर जयगडला जाणारी शेवटची फेरीबोट चुकली होती. अंधारात एका घराशेजारी, माडांखाली गाडी लावून मी कुकर चढवला. पहिली शिट्टी व्हायच्या आत एक आजोबा बॅटरी घेऊन हजर. "कोण तुम्ही? कोणाला विचारून लावलीत गाडी?" आवाज चढलेलाच. नवऱ्याने बोट चुकल्याचं सांगितलं. तर म्हणाले, "मग इथं कशाला? नारळ पडला तर काच जाईल. खळ्यात घ्या." आणि स्वतः "येऊ दे, येऊ दे" करत गाडी मागे घ्यायला लावली.

म्हणजे खडसावलं त्यांनीही. पण तोंडावर. कागद नाही चिकटवला.

इथे लिफ्टमध्ये रोज भेटतो आपण. माझा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर आहे. बेल दाबायला काय होतं? (कागदावरचा फॉन्ट ओळखीचा वाटतोय, पण जाऊ दे.)

एकूणच घरात मन लागत नाहीये. रात्री कोणीतरी लिफ्टचं दार उघडं टाकतं आणि ती बाई "कृपया दरवाजा बंद करें" म्हणत बसते, झोपेचं खोबरं. व्हॅनमध्ये ८० लिटरची टाकी, भांडी आधी कागदाने पुसून मग दोन तांब्यांत धुवायची सवय झालेली. आता सिंकचा नळ पूर्ण सोडायला हात धजत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चार धरणं उशाला, तरी आमच्याकडे टँकर येतो. आणि भांडायचं मात्र माझ्या गाडीवरून.

मान्य, गावात कायमचं राहायला मला झेपणार नाही. प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं ठाऊक, दाढ दुखली तर तालुक्याला जा. त्या आजोबांचा मुलगाही चाकणला कंपनीत आहे, भाड्याच्या खोलीत. तो मोटरसायकल कुठे लावतो, हे विचारायचं राहिलं.

कदाचित कागद लावणाऱ्यांच्या घरी कोणी आजारी असेल, रुग्णवाहिकेला जागा हवी असेल. मग तसं सांगा हो! रात्री दोनला खाली येऊन गाडी काढेन. आजोबांनी एका वाक्यात कारण सांगितलं, आम्ही उकळता कुकर उतरवून गाडी हलवली. वादच नाही.

पण हवा सोडण्याची धमकी? ती ऐकून घेणार नाही. सोडून बघा, कॅमेरा त्याच बाजूला आहे.

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, छान. फिरून आल्यावर गाडी ठेवायची कुठे, ते ज्याचं त्याने बघायचं.

तर मंडळी, वारजे, शिवणे, भूगाव बाजूला कोणाची मोकळी जागा असेल तर इनबॉक्स करा. महिन्याचं भाडं देईन. वर आडवा पाइप नको, आणि माड असेल तर आधी सांगा.