लपवायचं काय आहे?

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर जोरात वाद झाला. नागपुरात मनीषनगरला दादाचा फ्लॅट आहे, तिथल्या सोसायटीनं सगळ्या भाडेकरूंच्या आधार कार्डाचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकले, एका नोकरी करणाऱ्या मुलीनं विचारलं की माझ्या प्रायव्हसीचं काय, तर उत्तर आलं, लपवायचं काय आहे तुला? दादाचंही तेच, वरून मला म्हणे तू जर्मनीत राहून तिकडचं बोलतेस.

मला वाटतं अर्धी गडबड शब्दानंच केली आहे. प्रायव्हसीला आपण गोपनीयता म्हणतो, आणि गोपनीय म्हटलं की काहीतरी काळंबेरं असणारच. आजी आडोसा म्हणायची, तो शब्द मला जास्त जवळचा वाटतो. पगार मी आईला सांगते, शेजारच्यांना नाही, यात लपवलं काय?

आणि तिकडचं कसं रे दादा? 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरवला, त्यात आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, त्यांनी तर निकालात कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा दाखला दिलाय, मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये असा. मी राहते त्या हेसेन राज्यानं डेटा संरक्षणाचा जगातला पहिला कायदा केला 1970 मध्ये, ते इथल्यांचं मोठेपण आहेच.

पण इथलं सगळं मला पटतं असं नाही. मी चार दिवस तापानं पडून होते, जिन्यात रोज भेटणाऱ्या बाईनं बेल वाजवली नाही, नंतर म्हणाली तुला त्रास नको म्हणून. नागपूरच्या महाल भागात आमच्या वाड्यात शेजारच्या काकू दार न वाजवता यायच्या, लहानपणी राग यायचा, पण बाबांना रात्री छातीत दुखलं तेव्हा त्यांनीच आपल्या मुलाला उठवून बाबांना मेडिकल हॉस्पिटलला नेलं.

तरी काकूंचं येणं आणि हे फोटो एक नाहीत. काकू आमच्या घरात यायच्या तशा आम्हीही त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत जायचो. सोसायटीत त्या मुलीचं कार्ड ज्यांच्या मोबाइलमध्ये गेलं त्यातली चार माणसंही तिला माहीत नसतील, आणि फ्लॅटमालकांचे आधार कोणीच टाकले नाहीत. दादाला तेवढंच विचारलं मी, तुझं का नाही टाकलं? त्यानं वाचलंय, उत्तर अजून आलं नाही.