'उचला आणि केंद्रात टाका': एका फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर थोड्याफार फरकाने कायम फिरत असतो. सार असं: दारुड्यावर गावच्या दवाखान्यात इलाज होत नाही, उचला आणि तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात टाका. बाहेर येऊन पुन्हा प्यायला, तर त्याच्यात इच्छाशक्तीच नाही. डॉक्टरांच्या गोळ्या म्हणजे एक नशा सोडून दुसरी. आणि सरकारी आरोग्य केंद्रांत समुपदेशक नेमणं म्हणजे पैशाचा चुराडा. लिहिणाऱ्याच्या घरात कुणीतरी पीत असावं, इतका त्यात वैताग आहे. वैताग कळतो, पण मजकूर चुकीचा आहे.

'इलाज भरती करूनच होतो.' एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे पावणेसहा कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदत लागते. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांत एकाला कसलातरी उपचार मिळतो, १८० जणांत एकाला भरती. सगळ्यांना भरती करायचं म्हटलं तर खाटा कुठून आणणार?

शिवाय पिणारा प्रत्येक जण त्या टोकाला गेलेला नसतो. गोव्यात संगाथ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. घातक प्रमाणात पिणारे ३७७ पुरुष त्यात होते. निम्म्यांना नेहमीची डॉक्टरी देखभाल, उरलेल्यांना तिच्या जोडीला जास्तीत जास्त चार वेळा समुपदेशन. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसतज्ज्ञही नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. बोलणं कधी केंद्रात, कधी पिणाऱ्याच्या घरी. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा आधीच्या दोन आठवड्यांत थेंबही न घेतलेले समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८. वर्षानंतरही फरक टिकला: ४५ आणि २६. जे पीत राहिले त्यांचं रोजचं प्रमाण मात्र फारसं घटलं नाही, हेही सांगायला हवं. आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांना या प्रयोगात घेतलंच नव्हतं.

त्यांच्यासाठी भरती लागते, नाही असं नाही. सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याच्या हातातला चहाचा कप स्थिर राहत नाही, त्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस दगावूही शकतो. त्यामुळे 'खोलीत कोंडा, उतरेल आपोआप' हा याच मजकुराचा धाकटा भाऊ जास्त धोकादायक. पण टर्की, म्हणजे दारू तोडल्यावर होणारा हा त्रास, उतरवायला दिवस लागतात, सोडलेली दारू सुटलेली ठेवायला वर्षं. ती वर्षं तो घरीच काढणार आहे, त्याच नाक्यावर, त्याच मित्रांत.

'पुन्हा प्यायला म्हणजे इच्छाशक्ती नाही.' मॅक्लेलन या अमेरिकी संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००० साली व्यसनाची तुलना रक्तदाब, दमा, मधुमेह यांच्याशी केली. उपचारानंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के लोक पुन्हा व्यसनाकडे वळतात. रक्तदाब आणि दम्यात त्रास उलटण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के. गोळी बंद केल्यावर काकांचा बीपी वाढला तर आपण काकांना नालायक म्हणत नाही. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून निवासी उपचार करतंय, पण पाठपुरावा आणि बायकोसाठी वेगळा गट तिथेही लागतोच. निवासी केंद्र चालवणारेच जिथे निवासाबाहेरचं काम सोडत नाहीत, तिथे फॉरवर्डवाल्यांनी थोडं ऐकावं.

'गोळ्या म्हणजे दुसरी नशा.' कुठल्या गोळ्या? दारूची ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्झोनने नशा होत नाही. ती आणि त्याच कामाची अॅकॅम्प्रोसेट जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. डायसल्फिराममध्येही नशा नाही. वर दारू पडली की चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या. म्हणूनच नवऱ्याच्या आमटीत ती गुपचूप मिसळणं हा इलाज नव्हे, जीवाशी खेळ आहे. ब्युप्रेनॉर्फिन खरोखरच अफूच्या कुळातलं आहे. पण गर्द (हेरॉइन) घेणाऱ्याला ते जिभेखाली ठेवून कामावर जाता येतं, सुईची गरज राहत नाही. नुसतं 'साफ' करून घरी पाठवलेल्याच्या शरीराची नशा पेलण्याची ताकद उतरलेली असते. जुना डोस घेतला की जीव जातो. पंजाबने २०१७ पासून यासाठी बाह्यरुग्ण केंद्रं सुरू केली, भरती न होता औषध मिळावं म्हणून.

'पैशाचा चुराडा.' इथे मजकुरात अर्धं खरं सापडतं. असे कार्यक्रम येतात नि गुंडाळले जातात. प्रकल्प संपला की समुपदेशकाचं कंत्राट संपतं, गोळ्यांचा साठा संपतो, ठरलेल्या तारखेला न आलेल्या माणसाला फोन करणारं कुणी उरत नाही. पण याचा अर्थ उपचार निकामी असा होत नाही. औषध अर्ध्यावर तोडलं, एवढाच होतो. गोव्यातले समुपदेशक आपल्या बैठकांची रेकॉर्डिंग एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांना गुण देत. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रमाने गावसंघटनांच्या जोडीला तालुक्याच्या ठिकाणी उपचार क्लिनिक ठेवली. ही कामं एका शिबिरात उरकत नाहीत, त्यांना दर महिन्याला पगार लागतो. आपल्या तालुक्यात समुपदेशकाचं पद आहे का, भरलेलं आहे का, थायमिन (पिणाऱ्यांना देतात ते बी-१ जीवनसत्त्व) आणि नाल्ट्रेक्झोन शेवटचं कधी आलं, हे ग्रामसभेत किंवा रुग्ण कल्याण समितीत विचारता येतं. घरात आजच अडचण असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.