मेंदूचा पेट स्कॅन आणि ‘गोड खाऊन जा’चा सल्ला

इंदूरमधल्या मराठी घरांच्या ग्रुपांवर, रामबागेपासून लोकमान्य नगरपर्यंत, मेंदूच्या पेट स्कॅनचं एक रंगीत चित्र फिरतंय. खाली मजकूर: ‘लाल भाग चालू, निळा मेलेला. माणूस दहाच टक्के मेंदू वापरतो. स्कॅनआधी गोड खा, मेंदू उजळ दिसतो. अल्झायमर आहे की नाही, लगेच कळतं.’

आधी गोडाचं, कारण खरं नुकसान तिथे होतं. पेट स्कॅन म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज ओढतो ते दाखवणारी तपासणी. त्यासाठी शिरेतून देतात ते एफडीजी, म्हणजे किंचित बदललेलं किरणोत्सारी ग्लुकोज. पेशीत शिरल्यावर हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडतं. पुढची प्रक्रिया होत नाही, म्हणून ते तिथेच अडकतं. मशीन हे अडकलेलं मोजतं. पोहे-जिलबी हाणून गेलात तर रक्तातलं ग्लुकोज त्याच दारात एफडीजीशी धक्काबुक्की करतं. चित्र फिकं, दाणेदार येतं. निरोगी माणसाचंही कधी अल्झायमरसारखं दिसतं. म्हणून किमान ४ ते ६ तास पोट रिकामं. साधं पाणी चालतं, साबुदाण्याची खिचडी नाही. हा उपास तो नव्हे! टोचण्याआधी साखर तपासतात. २०० मिलिग्रॅमच्या वर निघाली तर सहसा पुढची तारीख मिळते. ऐनवेळी इन्सुलिन देऊन भागत नाही, ते एफडीजीला स्नायूंकडे वळवतं.

इंजेक्शननंतर अर्धा तास मंद उजेडात, न बोलता, मोबाइल न बघता पडून राहायचं. सोबतच्या काकूंनी गप्पा काढल्या तर ऐकण्या-बोलण्याचे भाग जास्त ग्लुकोज ओढतात आणि चित्रात तेच उमटतं. उशिरा पोचू नका. एफडीजीतलं किरणोत्सारी फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं.

रंग मशीन देत नाही. रंगपट्टी नंतर संगणकावर निवडतात. तेच चित्र करड्या छटांतही बघता येतं. आतलं श्वेतद्रव्य, म्हणजे जोडणाऱ्या तंतूंचा भाग, बाहेरच्या करड्या थरापेक्षा बरंच कमी ग्लुकोज घेतं, त्यामुळे या रंगपट्टीत ते धडधाकट माणसातही निळंच दिसणार. शिवाय डोकं हललं आणि सोबत काढलेल्या सीटी स्कॅनशी जुळणी चुकली, तर एक बाजू उगाच फिकी पडते.

दहा टक्क्यांवर वेळ घालवायला नको. वजनाच्या २ टक्के असलेला मेंदू स्वस्थ पडल्यापडल्या शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो.

आणि अल्झायमर? स्कॅन फक्त नमुना दाखवतो. पश्च सिंग्युलेट, प्रीक्युनियस (मेंदूच्या मधल्या बाजूचे, मागचे भाग) आणि कानामागचा-वरचा भाग मंद, म्हणजे ग्लुकोज कमी घेणारा, पण हालचालीची पट्टी शाबूत, असं दिसलं तर शंका बळावते. पुढचा भाग मंद असेल तर विचार दुसऱ्या प्रकारच्या डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा). जुना पक्षाघात किंवा झोपेच्या गोळ्याही चित्र बदलतात. म्हणून जाताना आधीचा एमआरआय आणि चालू औषधांची यादी बरोबर न्या.